बिनकामाचं झाड

आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला काही ना काही काम असायचं. दारातल्या लिंबाला सावलीचं काम, परड्यातल्या शेवग्याला शेंगांचं, बांधावरच्या बाभळीला काट्याकुट्याचं आणि औताच्या लाकडाचं. बांधाला शेराचं कुंपण होतं, ते ढोरं अडवायचं. तुळस तर देवाचीच. आज्जीचा तसा दंडकच होता. ज्याचा उपयोग नाही ते दारात ठेवायचं नाही, मग ते झाड असो, जनावर असो, नाहीतर आलागेला पाव्हणा असो.

अशा घरात माझ्या आईनं एक बिनकामाचं झाड लावलं. आयुष्यात तिनं स्वतःच्या हौसेनं केलेली मला आठवणारी तेवढी एकच गोष्ट.

आमचं गाव माण तालुक्यात. पावसाचा भरवसा नाही, तो आला तर आला. गावाबाहेर जिकडं बघावं तिकडं माळ, कुसळं आणि तांबडा मुरूम. हिरवा रंगसुद्धा आम्हाला वर्षातले तीन-चार महिनेच बघायला मिळायचा. तिथं जांभळ्या पानांचं झाड कुणी कशाला बघितलेलं असेल?

१९६९ साली आई भावाकडं म्हणून पुण्याला गेली. मामा कॅम्पातल्या एका बंगल्यावर माळीकाम करायचा. आई आठ दिवस राहिली आणि परत आली ती हातात एक लांबडं पुडकं घेऊन. आम्हाला वाटलं, मामानं खाऊ दिला. आम्ही दोघं भाऊ तिच्या भोवती नाचायला लागलो. तिनं वर्तमानपत्राचा कागद सोडला, तर आत हातभर लांबीच्या दोन दांड्या. अंगठ्याएवढ्या जाड, गुळगुळीत, मांसल. शेंड्याला चार-पाच पानं, आणि ती पानं वांग्याच्या सालीच्या रंगाची.

"ह्ये काय गं?" आज्जी म्हणाली.

"झाड हाय आत्याबाय. भावानं दिलं."

"कशाचं?"

"शोभंचं."

आज्जीनं पान दोन बोटांत धरून उलटंपालटं केलं. खालच्या बाजूनं ते आणखी गडद, वरून जरा हिरवट झाक असलेलं, मधेमधे शिंतोडे उडाल्यासारखे डाग. "भाजी हुती का ह्येची?"

"न्हाई."

"फूल देवाला चालतं?"

"फुलं बारकी असत्यात म्हणं. देवाला न्हाई वाहत."

"शेळी खाती?"

आई गप्प राहिली. आज्जीनं पान सोडलं आणि ती म्हणाली, "मग तुझा भाऊ येडा, आन् तू त्याच्या वरची."

मामानं आईला बजावून सांगितलं होतं की दांडी लगेच मातीत खुपसायची नाही. तोडलेल्या जागेतून पांढरा चीक येतो. तो वाळून तिथं खपली धरली पाहिजे. तशीच ओली लावली तर खालून कुजते. आईनं दोन्ही दांड्या सोप्यातल्या देवळीत उभ्या करून ठेवल्या. रोज सकाळी ती झाडलोट करताना त्यांच्याकडं बघायची. आठ दिवस त्या देवळीत होत्या. आज्जी म्हणायची, "सून माझी लाकडं पूजती."

परड्यात एक फुटका रांजण पडला होता. तळाला भोक पडलेलं, म्हणून पाण्याच्या कामाचा राहिला नव्हता. आईनं तो उचलून आणला. ओढ्यातली वाळू, माळावरचा मुरूम आणि उकिरड्यातलं मूठभर कुजलेलं शेणखत, एवढं त्यात भरलं आणि दोन्ही दांड्या लावल्या. मी विचारलं, "पाणी किती घालायचं?" ती म्हणाली, "मामा म्हणतो, ईसरून जायाचं. आठवण झाली तर वाईच घालायचं."

एक दांडी गेली. खालून काळी पडून लोळली. दुसरी महिनाभर तशीच उभी राहिली, ना मेलेली ना जगलेली. मग एके दिवशी शेंड्यावर बोटाच्या पेराएवढी लालचुटूक टोकं दिसली. आईनं आम्हाला हाताला धरून नेऊन दाखवली. मला ती टोकं आठवत नाहीत फारशी. आईचं तोंड आठवतं.

झाड वाढलं ते झपाट्यानं. दोन वर्षांत ते माझ्या उंचीला आलं. उन्हात पानांचा रंग असा चढायचा की बघत राहावं. पाणी आणायला जाणाऱ्या बायका थांबायच्या, घागर कमरेवर तशीच ठेवून विचारायच्या, "कुठलं गं ह्ये?" आई म्हणायची, "पुन्याचं." गावात त्याला नाव नव्हतं. कुणी 'जांभळा शेर' म्हणायचं, कारण पान तोडलं की शेरासारखाच चीक यायचा. कुणी 'पुन्याचं झाड' म्हणायचं. आज्जी म्हणायची 'बिनकामाचं'. आम्ही पोरंही तेच म्हणायला लागलो. "बिनकामाच्या झाडापाशी गोट्या खेळतोय" असं आम्ही सहज म्हणायचो.

आईनं आम्हाला एवढंच शिकवलं होतं की त्याला हात लावायचा नाही. "शेरानं डोळं जात्यात, ह्ये बी त्याचंच भावंड दिसतंय." शेराच्या चिकाची भीती आमच्याकडं पोराला बोलता यायच्या आधीपासून घालतात. म्हणून आम्ही लांब असायचो.

मग दुष्काळ आला.

१९७२ चा दुष्काळ आता पुस्तकात वाचायला मिळतो. आमच्याकडं तो एका वर्षाचा नव्हता. आधीची दोन वर्षंही पावसानं नीट तोंड दाखवलं नव्हतं, ७२ ला त्यानं पाठच फिरवली. विहिरी तळाला गेल्या. ओढ्यात झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायचं. सरकारी दुकानातून तांबडी मिलो मिळायची. तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, थापताना कडेनं चिरायची. कामावरच्या लोकांना सुकडी मिळायची. आम्ही पोरं संध्याकाळी वाटेकडं डोळे लावून बसायचो, ती आईच्या ओच्यातल्या सुकडीसाठीच.

आई आणि आबा दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. कोस-दीड कोसाची चाल. पहाटे गेलेली आई दिवस बुडताना परत यायची, तेव्हा तिचे केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं झालेलं असायचं. हाताला खडीच्या कपच्या लागून चिरा पडायच्या. घरी आल्यावर ती आधी आज्जीजवळ बसायची, मग उठून रांजणातल्या झाडाकडं जायची. पाणी घालायला नव्हे, पाणी कुठलं? नुसती जाऊन उभी राहायची.

बैल आबांनी आधीच विकले होते. मग गाय गेली. ती विकली त्या दिवशी आबा जेवले नाहीत. शेळ्यांना घालायला काही उरलं नाही तेव्हा लिंबाचा पाला ओरबाडला, बाभळीच्या शेंगा वेचल्या, छपराचं जुनं गवतसुद्धा उपसलं. शेळ्या काय वाट्टेल ते खायच्या. एकदा त्यांनी वाळत घातलेलं धोतर खाल्लं. पण रांजणातल्या झाडाला त्यांनी तोंड लावलं नाही. जवळ यायच्या, हुंगायच्या आणि मान झटकून निघून जायच्या. आज्जी म्हणाली, "बघ, शेळीला बी कळतंय."

पुढं थंडीत झाडानं पानं टाकली. एकेक करून सगळी. उरल्या नुसत्या करड्या, सुरकुतलेल्या दांड्या. आम्हाला वाटलं, संपलं. एका संध्याकाळी आई तिथं उभी असताना मी म्हणालो, "मेलं की गं आई." ती वाकली आणि तिनं नखानं दांडीला बारीक ओरखडा काढला. टिचभर जागेतून पांढरा थेंब वर आला, टपोरा, दुधासारखा.

"जित्तं हाय," आई म्हणाली. "दूध हाय अजून त्याच्यात."

ती एवढं बोलून पदराला नख पुसत आत गेली. तिला काय ठाऊक, तो थेंब माझ्या डोक्यात कसा बसणार होता.

१९७३ चा उन्हाळा. शाळेला सुट्टी. मी अकरा वर्षांचा, धाकटा सहाचा. आई-आबा कामावर, आज्जी सोप्यात अंगाला ओढून घेऊन पडलेली. दुपारची वेळ. गाय गेल्यापासून घरात दूध नव्हतं. धाकट्याला गाईची फार सवय. धार काढताना तो आबांच्या शेजारी करवंटी घेऊन बसायचा आणि आबा एखादी धार त्याच्या करवंटीत सोडायचे. ते आठवून त्यानं त्या दुपारी कुरकुर चालवली होती. मी त्याला म्हणालो, "चल, आपून गाय-गाय खेळू."

गाय म्हणजे ते झाड. मी धार काढणार. धाकटा वासरू.

मी एक दांडी मधोमध मोडली. कटकन आवाज झाला आणि चीक नुसता गळायला लागला. मी खाली करवंटी धरली. थेंब थेंब पांढरं त्यात जमायला लागलं. मी दुसरी दांडी मोडली, तिसरी मोडली. दोन्ही हातांनी आचळ धरल्यासारखं दांडी पिळत होतो. अगदी खरं दूध वाटत होतं. धाकटा हंबरत होता. मग तो म्हणाला, "वासरू आता पिणार," आणि वाकून खालून तोंड वर करून पुढं आला. त्याच वेळी माझ्या हातातली दांडी निसटून उसळली.

तो लगेच रडला नाही. डोळा चोळला. मग आणखी चोळला. मग असा ओरडला की तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

आज्जी उठून धावत आली. एरवी काठी लागायची तिला, त्या दिवशी काठी सोप्यातच राहिली. तिनं एका नजरेत मोडकं झाड बघितलं, पोराचा डोळा बघितला आणि विचारलं, "चीक गेला?" मी मान हलवली. "पानी आण. समदं आण."

घरात त्या वेळी एक हंडा पाणी होतं. पहाटे आईनं झिऱ्यावर दोन तास बसून भरलेला. रात्रीच्या जेवणाचं, पिण्याचं, सगळं तेवढ्यातच होतं. आज्जीनं धाकट्याला मांडीवर उताणा घेतला, दोन बोटांनी त्याचा डोळा ताणून उघडा धरला आणि मला म्हणाली, "वत. बारीक धार धर. थांबू नगंस." मी तांब्या तांब्यानं ओतत राहिलो. धाकटा हातपाय झाडत होता. शेजारची काकू आली, तिनं बाळंतिणीचं दूध घालायला सांगितलं. आज्जी म्हणाली, "मागनं बघू. आदी पानी." हंडा तळाला गेला तेव्हा तिनं शेजारणीला म्हटलं, "तुझ्यातलं आण." आणि त्या दुष्काळात शेजारणीनं एक शब्द न बोलता आपली घागर आणून दिली.

बराच वेळानं आज्जीनं मला विचारलं, "कुणी मोडलं?"

मी म्हणालो, "त्यानंच."

धाकटा मांडीवर कण्हत होता. त्याचे दोन्ही डोळे मिटलेले. तो काही बोलला नाही.

आई-आबा आले तोवर डोळा टम्म सुजला होता. रात्रभर तो तळमळला. आबा त्याला खांद्यावर घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत होते. पहाटेच्या एस.टी.नं त्याला तालुक्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळा पुन्हा धुतला, मलम घातलं, पट्टी बांधली आणि विचारलं, "चीक गेल्यावर काय केलं?" आबांनी सांगितलं, "म्हातारीनं हंडाभर पानी वतलं." डॉक्टर म्हणाले, "डोळा राहील तो त्या पाण्यानं राहील."

आठ-दहा दिवस पट्टी होती. त्या दिवसांत मी देवाला काय काय कबूल केलं ते मला आता आठवतही नाही. पट्टी निघाली तेव्हा आबांनी त्याच्या पुढं दोन बोटं धरली. तो म्हणाला, "दोन." मग तीन धरली. तो म्हणाला, "तीन." आबा तिथंच खाली बसले.

पण हे नंतरचं. त्या पहिल्या रात्रीचं सांगायचं राहिलं.

रात्री माझे तळहात पेटले होते. लाल झाले होते, बोटांच्या बेचक्यात बारीक फोड आले होते. मी हात मांडीखाली दाबून झोपेचं सोंग घेतलं. मध्यरात्री केव्हातरी आई माझ्या अंथरुणाशी आली. तिनं माझे हात हळूच बाहेर काढले, ओल्या फडक्यानं पुसले आणि त्यांना खोबरेल तेल लावलं. मी डोळे उघडले नाहीत. तीही काही बोलली नाही. मला वाटलं, तिला अंधारात काही कळलं नसेल. आई आहे, रोजचं तेल लावते आहे, असंच मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. आबांनी कुऱ्हाड काढली होती, पण तिनं ती त्यांच्या हातातून घेतली. तोंडाला पदर गुंडाळला, हाताला चिंध्या बांधल्या आणि कोयत्यानं ते झाड बुडापासून कापलं. सगळ्या दांड्या परड्यात खड्डा करून पुरल्या. आज्जी उंबऱ्यात बसून बघत होती. ती 'बिनकामाचं' म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही.

त्या वर्षी पाऊस पडला. आखाडात माळ हिरवा झाला. एका सकाळी आज्जीची हाक आली, "आगं ए, हिकडं ये." आई गेली, मागं मी. रांजणातल्या बुंध्यावर तीन लाल टोकं वर आली होती.

आई म्हणाली, "उपटून टाकते."

आज्जी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कापून बी आलंय, तर त्येला यायाचंच हुतं. पोरांच्या हाताला लागंल असं ठिवू नगंस म्हंजी झालं."

मग आबांनी तो रांजण गोठ्यामागच्या उंच चौथऱ्यावर नेऊन ठेवला आणि आज्जीनं स्वतः त्याच्या भोवती बाभळीच्या फांद्या रचल्या. आज्जी गेली तेव्हा ते झाड माणसाच्या वर गेलं होतं.

पुढं मी साताऱ्याला कॉलेजात गेलो. वनस्पतिशास्त्राच्या सरांना एकदा त्याचं पान नेऊन दाखवलं, कागदात गुंडाळून. त्यांनी सांगितलं, हे सिनॅडेनियम ग्रँटी, मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. नाईलचा उगम शोधायला १८६० मध्ये स्पीक नावाचा इंग्रज निघाला होता, त्याच्या सोबतच्या ग्रँटच्या नावावरून हे नाव पडलं. पुढं अभ्यासकांनी त्याला युफोर्बियात घातलं आणि आता त्याचं शास्त्रीय नाव युफोर्बिया अम्बेलाटा. म्हणजे ते शेराचंच भाऊबंद, दोघंही एरंडाच्या कुळातले. आमची आई शाळेत गेली नव्हती, पण 'त्याचंच भावंड दिसतंय' हे तिनं चिकाच्या एका थेंबावरून सांगितलं होतं.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पान जांभळं दिसतं ते अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यामुळं. हिरवा रंग त्याच्या आत असतोच, तो दिसत नाही एवढंच. म्हणून झाड सावलीत ठेवलं की जांभळेपणा कमी होतो आणि हिरवा वर येतो.

मी मास्तर झालो, साताऱ्यात घर केलं. गावाकडच्या झाडाची एक फांदी आणून दारात लावली. आता इतक्या वर्षांत मला त्याचा स्वभाव कळला आहे. लोक विचारतात म्हणून सांगतो. हातभर फांदी घ्यावी. कापल्याबरोबर चीक येतो, तो पाण्यानं धुवावा आणि फांदी आठवडाभर सावलीत कोरडी ठेवावी. लावायचं ते वाळूमिश्रित, पाणी चटकन निघून जाईल अशा मातीत. कुंडीला भोक हवंच. ऊन पाच-सहा तास तरी मिळावं, नाहीतर रंग उतरतो. पाणी माती वरून पूर्ण सुकल्यावरच, थंडीत तर फारच कमी. हे झाड पाण्यावाचून क्वचित मरतं, लाडानं मरतं. पावसाळ्यात कुंडीत पाणी तुंबलं की बुंधा मऊ पडतो, म्हणून आमच्या साताऱ्याच्या पावसात मी ती पडवीत घेतो. पानं गळली तर घाबरू नये, नखानं ओरखडा काढून बघावा. पांढरा पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात बसतो, तो ओल्या फडक्यानं पुसला तरी जातो. छाटणी उन्हाळ्याच्या तोंडाला करावी, म्हणजे नवे फुटवे जोमदार येतात.

आणि सगळ्यात आधी सांगायचं ते चिकाचं. छाटताना रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. लहान पोरं, शेरडंकरडं, कुत्री-मांजरं जिथं वावरतात तिथं हे झाड ठेवू नये. चीक डोळ्यात गेलाच तर चोळायचं नाही, दुसरं काही घालायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि थेट डॉक्टरकडं जायचं.

आबा गेल्यावर आई माझ्याकडं राहायला आली. २००६ मधली गोष्ट. मी मार्च महिन्यात झाडाची छाटणी करायला बाहेर आलो होतो. आई खुर्चीत ऊन खात बसली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावलेला. मी कात्री उचलली तशी ती म्हणाली, "हाताला तेल लाव आदुगर. मागल्या बारीला रातभर तुझं हात घेऊन बसलीवती मी."

मी कात्री खाली ठेवली. तेहतीस वर्षं झाली होती.

"आई, तुला म्हाईत हुतं?"

"काय?"

"झाड मी मोडलं ते."

"आरं, मोडल्याबिगर चीक हाताला लागतो व्हय? धाकट्याचं हात तर कोरडं हुतं."

"मग बोलली का न्हाईस?"

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला. "एकाचा डोळा सुजलेला, एकाचं हात. मारू कुणाला?" मग जरा थांबून म्हणाली, "करवंटी बी म्याच उचलून टाकली. आत्याबायनी बघितली असती. तुमास्नी दूध न्हवतं म्हणून तर खेळत हुता. झाडात दूध हाय म्हणून म्याच तर सांगितलंतं तुला."

मला काय बोलावं ते सुचेना. एवढी वर्षं मी माझं खोटं एकटा सांभाळतोय असं समजत होतो. आणि इकडं आई त्या दुपारचा दोष स्वतःकडं घेऊन बसली होती, तोही न बोलता. मी म्हणालो, "तुझा काय दोष त्याच्यात?" ती म्हणाली, "आन् तुझा तरी काय? अकरा वर्साचा तर हुतास." आणि मग नेहमीच्या आवाजात, "काप आता. ऊन चढतंय."

मी हातमोजे घातले. तिला सांगितलं की फणसाच्या चिकाला तेल चालतं, ह्याला हेच बरं. ती म्हणाली, "तुमचं शिकल्यालं येगळं."

आई जाऊन आता दहा वर्षं होत आली. ती गेल्यावर दिवस घातले त्या वेळी सगळी पांगापांग व्हायच्या आधी मी धाकट्याला बाजूला घेतलं. मनात धरून ठेवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. करवंटी, वासरू, 'त्यानंच मोडलं', सगळं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "कुठल्या डोळ्यात गेलता रं?"

"उजव्या."

"मला तर आपला डावा वाटत हुता." त्यानं एक डोळा मिटून लिंबाकडं बघितलं, मग दुसरा मिटून बघितलं. "दोनी सारखंच दिसतंय. मरू दे."

आणि आम्ही दोघं, आईच्या दिवसांत, सगळ्यांच्या देखत हसत सुटलो. बायका चमकून बघायला लागल्या.

गेल्या महिन्यात त्यानं गावाकडं नवीन घर बांधलं. जुनं धाब्याचं घर पाडलं, गोठाही गेला, चौथरा गेला. रांजण तर कधीच फुटला होता. फोन करून म्हणाला, "आपल्यातलं झाड आता फक्त तुझ्याकडंच हाय. येताना एक फांदी घिऊन ये." मी विचारलं, "कशाला? बिनकामाचं झाड." तो म्हणाला, "असू दे की. समदंच कामाचं घिऊन काय करायचं."

मी काल हातमोजे घालून दोन दांड्या कापल्या. दोन अशासाठी की एक जाते. चीक धुतला, पुसून कोरड्या केल्या आणि कपाटावर कागद पसरून उभ्या करून ठेवल्या आहेत. नातू जाता-येता त्यांच्याकडं बघतो. त्याला हात लावू नकोस म्हणून सांगितलं आहे, आणि का लावायचा नाही तेही सांगितलं आहे, सगळं. आठ दिवस झाले की जायचं आहे. धाकट्याला फोनवर बजावलंय की कुंडी उंचावर ठेव, तुझी नातवंडं लहान आहेत. तो म्हणाला, "जागा बघून ठिवलीया. बाभळीचं काटं बी तोडून आणल्यात."